सिग्नलला थरथरणारी गाडी, आणि कारण शोधून देणारे काका

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडरवाली, ८८ हजार किलोमीटर झालेत. गेले दोन महिने पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला उभी राहिली की इतकी थरथरायची की आरशात मागचं धड दिसायचं नाही, आणि आई शेजारी असली तर म्हणायची अगं बंद कर ती गाडी, कंबर दुखायला लागली माझी. चालायला लागली की मात्र एकदम स्मूथ, कात्रजचा घाट पण निवांत चढायची. सकाळी थंड असताना त्रास सगळ्यात जास्त, आरपीएमचा काटा ८०० वरून ५०० वर यायचा, परत वर जायचा, दोनदा तर बंदच पडली.

आधी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली होती. त्यांनी स्कॅनर लावला, दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यात पेट्रोल मधेमधे जळतच नाहीये, म्हणाले, चारही प्लग बदलले, आठवड्यात परत तेच. मग म्हणे चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देतात त्या) बदला, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) क्लीन करा, इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बदला, एस्टिमेट १९ हजार. मी विचारलं यातलं नक्की खराब काय आहे, तर म्हणे मॅडम साहेबांना फोन करायला सांगा, त्यांना समजावतो. गाडी माझी, चालवते मी, पैसे मी देणार. खूप राग आला, गाडी घेऊन निघून आले.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीने या कर्वेनगरच्या गॅरेजचं सांगितलं. काकांनी फोनवरच सांगितलं, ताई आदल्या रात्री गाडी सोडून जा, थंड इंजिन चालू करूनच बघायचंय. सकाळी मी गेल्यावर माझ्यासमोर स्टार्ट केली. आधी सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरला, कागद एका लयीत फडफडायला हवा, तो मधेच ठोका चुकवत होता. म्हणाले माउंटिंग गेलं असतं तर इंजिन नीट चाललं असतं आणि फक्त हादरा आत आला असता, इथे इंजिनच ठोका सोडतंय, माउंटिंगला हात लावायची गरज नाही. दोन मिनिटांत एस्टिमेटमधली एक ओळ गेली!

मग दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावली, तीनची दोनला, स्कॅनरवरचा दोन नंबरच्या मिसिंगचा कोड, पी०३०२, क्लिअर केला आणि गाडी चालू ठेवली. कॉइल खराब असती तर मिसिंग तीन नंबरला गेलं असतं, म्हणजे कोड पी०३०३ आला असता. परत पी०३०२ च आला. म्हणजे कॉइल ठीक. एवढी साधी टेस्ट, खर्च शून्य, आणि आधीच्या ठिकाणी मला चार नवीन कॉइल घ्यायला सांगत होते.

स्कॅनरवर पी०१७१ पण होता, तो मला आधी कोणी सांगितलाच नव्हता. त्याचा अर्थ पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. काकांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून फ्युएल ट्रिम दाखवला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा, आयडलला (गाडी नुसती उभी चालू असताना) २२ टक्के प्लस, २५०० आरपीएमला रेस दिली की ५ वर. म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत जातेय. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांत) ओढ जोरात असते, मग जिथे फट मिळेल तिथून हवा ओढली जाते, आणि रेस दिली की थ्रॉटलमधूनच इतकी हवा येते की त्या फटीचा फारसा फरक पडत नाही. घाटात गाडी शहाण्यासारखी का चालायची ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

फट शोधायला कार्ब क्लीनरचा थोडा थोडा स्प्रे एकेका पाइपवर, मग इनटेक मॅनिफोल्डच्या कडेने. दोन नंबरच्या जवळ मारला आणि इंजिन एकदम शांत झालं, काही सेकंदांनी परत थरथर. तो स्प्रे आत जाऊन पेट्रोलसारखा जळतो म्हणून. (हे घरी करू नका प्लीज, तो पेट घेतो, काकांनी शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवलं होतं.) मॅनिफोल्ड खोललं तर जोडातून हवा जाऊ न देणारं पॅकिंग बरोबर तिथेच कडक होऊन तडकलेलं, मला हातात दिलं बघायला. नवीन पॅकिंग नाना पेठेतून त्याच दिवशी मागवलं, खोललंच आहे तर थ्रॉटल बॉडीही साफ केली, आत काळा थर होता. लेबर धरून ३,१०० रुपये.

गल्ली अरुंद आहे, गाडी लावायला जागा नाही, बसायला एक बाकडं आहे आणि दुपारी काका फोन उचलत नाहीत. गुरुवारी बंद. तरी पाचपैकी पाच देतेय, कारण एकही पार्ट अंदाजाने बदलला नाही आणि प्रत्येक गोष्ट मला बोलावून दाखवली. निघताना एक सांगितलं ते तुम्हालाही सांगते: डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट नुसता लागलेला असेल तर हळू चालवत गॅरेजला या, पण लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो, आणि तो खर्च खूप मोठा असतो.

आज तीन आठवडे झाले, काटा ७५० वर स्थिर आहे. काल नळस्टॉपला आईने विचारलं, गाडी बंद केलीस का गं?