डकोटा की रेट्रो जम्बो: पुढचं किट कोणतं घ्यावं?

दोन प्लास्टिक मॉडेलं समोर आहेत. एकीकडे भारतीय हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधला (जुनी विमानं उडती ठेवणारा विभाग) चंदेरी डकोटा, १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा. दुसरीकडे लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचं सत्तरच्या दशकातल्या रंगांतलं जम्बो, म्हणजे बोइंग ७४७-८, १/१४४ मध्ये. डकोटाचे पंख ४० सेंटिमीटर, जम्बोची लांबी ५३. कपाट मोजूनच ठरवा.

जुळणीत जम्बो सोपं. फक्त धड चिकटवण्याआधी टेपने बांधून मुख्य चाकांच्या जागी तोलून पाहा. शेपटीकडे कललं तर नाकात शिसं भरा. डकोटा मुळात शेपटीच्या चाकावरच बसतो, त्यामुळे ही कटकट नाही.

डकोटाची खरी परीक्षा रंगात आहे. चंदेरी रंग काहीच लपवत नाही. जोड आधी १००० आणि मग २००० च्या वॉटर पेपरने ओला घासावा, त्यावर चकचकीत काळा बेस द्यावा आणि किमान २४ तास हात लावू नये. बेस कच्चा राहिला की वरची चांदी राखाडी पडते. मेटॅलिक रंगाचे हात अगदी पातळ असू द्या. वेळ जातो, पण चूक झाली तर पुन्हा घासून सुधारता येते.

जम्बोचं घोडं निळ्यावर अडतं. शेपटी आपण रंगवायची, खिडक्यांचा पट्टा मात्र डिकालचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राचा. दोन निळे शेजारी आले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. डिकालची शाई पातळ असते, खालचा पांढरा तिला उजळ करतो. शेपटीवरचं पिवळं वर्तुळ तर निळ्यावर हिरवट दिसतं. त्याखाली पांढरं वर्तुळ द्यावंच लागतं. पट्टाही मास्किंग करून (आजूबाजूचा भाग टेपने झाकून) त्याच डबीतल्या निळ्याने रंगवला तर प्रश्न सुटतो, पण मग खिडक्या वेगळ्या बसवा. माझ्या मते सोप्या किटचा सगळा फायदा इथेच संपतो.

इतिहासाचं म्हणाल तर उसनं दोन्हीकडे आहे. हा डकोटा १९४४ चा, पण त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डकोटाचा. ७४७-८ सत्तरच्या दशकात नव्हतंच; त्यावर जुने रंग २०१५ मध्ये चढले. विमान कंपनीला नव्या विमानावर जुने रंग चढवणं परवडतं, रोज हजारो प्रवासी ते रंग पाहतात, हे मोलाचंच. तरी टेबलावर जुनं यंत्र घडवण्यात हाताला जे कळतं, ते मला अधिक वाटतं.

डकोटा घेतलात तर भारतीय डिकाल किटमध्ये आहेत का, ते आधी पाहा. आकड्यांभोवतीची पारदर्शक फिल्म अगदी कडेने कापा, नाहीतर चंदेरीवर ती चौकटीसारखी उठून दिसते.