सेक-सीएसटी की अ‍ॅक्वायर-रिलीज? माझा कल सांगतो

सी++ मध्ये अ‍ॅटॉमिक (अनेक थ्रेडनी एकाच वेळी सुरक्षितपणे वापरायची व्हेरिएबलं) वापरायला लागलं की सुरुवातीला आपण मुकाट्याने डीफॉल्टवर, म्हणजे सेक-सीएसटीवर असतो: अशा सगळ्या लिहिण्या-वाचण्याचा एकच क्रम सगळ्या थ्रेडना दिसेल, ही सर्वात कडक हमी. मग कोड तपासताना कुणीतरी म्हणतं, "इथे अ‍ॅक्वायर-रिलीज पुरेल की!" मीही त्या थोड्या सैल हमीच्या वाटेने गेलो आणि अर्ध्यातून परत फिरलो.

अ‍ॅक्वायर-रिलीजची बाजू आधी, कारण ती खरोखरच चांगली आहे. एका थ्रेडने डेटा भरून रिलीजने लिहून झेंडा (एक अ‍ॅटॉमिक व्हेरिएबल) वर करायचा. दुसऱ्याला अ‍ॅक्वायरने वाचताना झेंडा दिसला, तर डेटाही पूर्ण दिसणारच. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर) हे जवळपास फुकट पडतं. दोन्हींसाठी मूव्ह ही साधी मशीन-सूचना निघते, कंपायलरला मात्र कोड वरखाली करायची मनाई होते. सेक-सीएसटीचं लोडही (वाचन) तिथे साधी मूव्हच असतं. महाग पडतं ते स्टोअर (लिहिणं): सहसा एक्ससीएचजी ही जड सूचना निघते आणि स्टोअर बफर (लिहिलेलं मेमरीत जाण्याआधी थांबतं ती प्रोसेसरमधली जागा) रिकामा होईपर्यंत पुढचं वाचन अडतं.

आता माझं घोडं कुठे अडलं ते. एक लिहिणारा, एक वाचणारा अशी रांग होती. रांग रिकामी दिसली की वाचणारा 'झोपतोय' असा झेंडा लावायचा, रांग पुन्हा एकदा बघायचा आणि मगच झोपायचा. लिहिणारा माल टाकायचा, मग झेंडा बघून गरज असेल तर त्याला उठवायचा. सगळीकडे अ‍ॅक्वायर-रिलीज. कागदावर चोख! पण चार-सहा दिवसांतून एकदा वाचणारा झोपायचा तो उठायचाच नाही. प्रिंट घातलं की दोष गायब. थ्रेडमधल्या चुका शोधणारं थ्रेडसॅनिटायझर हे साधनही गप्प, कारण डेटा रेस, म्हणजे साध्या डेटावर दोन थ्रेडची टक्कर, नव्हतीच.

दोघंही आधी आपलं लिहितात, मग दुसऱ्याचं वाचतात. लिहिलेलं अजून स्टोअर बफरमध्येच असताना पुढचं वाचन उरकतं. साध्या मेमरीसाठी एक्स८६ बाकीचे क्रम पाळतो, आधी लिहिणं मग वाचणं हा एवढा एकच सोडतो. आणि अ‍ॅक्वायर-रिलीज नेमकी याचीच हमी देत नाही. लिहिणाऱ्याला झेंडा खाली दिसला, वाचणाऱ्याला रांग रिकामी.

गंमत म्हणजे तोच कोड ६४-बिट एआरएमच्या बोर्डावर कधी अडकला नाही. "एक्स८६ वर चाललं तरी एआरएमवर फुटेल" हे मी वर्षानुवर्षं ऐकलेलं, आणि इथे सगळं उलटं! तिथे रिलीजला एसटीएलआर आणि अ‍ॅक्वायरला एलडीएआर या एआरएमच्या सूचना निघत होत्या, आणि एसटीएलआरनंतरची एलडीएआर तिच्या पुढे सरकत नाही. सेक-सीएसटीलाही हीच जोडी निघते. म्हणजे मागितलं कमी, मिळालं जास्त. एआरएम ८.३ मध्ये आलेली एलडीएपीआर ही जास्त सैल वाचन-सूचना कंपायलरने अ‍ॅक्वायरला वापरली की ही मेहेरबानी संपली.

दोघांचं लिहिणं आणि वाचणं अशा चारही ठिकाणी सेक-सीएसटी केलं, तेव्हापासून तो थ्रेड अडकलेला पाहिला नाही. वेगातला फरक मला तरी जाणवला नाही. तुमच्या एखाद्या लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये जाणवेलही, तिथे माझं ऐकू नका. पॉइंटर दुसऱ्या थ्रेडच्या हाती द्यायचा असेल तर मीही अ‍ॅक्वायर-रिलीजच लिहितो, नुसत्या मोजणीला रिलॅक्स्ड, म्हणजे इतर व्हेरिएबलांशी क्रमाची हमीच नाही. बाकी सगळीकडे डीफॉल्ट. आणि कुणाच्या कोडमध्ये रिलीज स्टोअरच्या पाठोपाठ दुसऱ्याच व्हेरिएबलचं अ‍ॅक्वायर लोड दिसलं, की मी आधी विचारतो: समोरचा थ्रेडही हेच उलट्या बाजूने करतोय का?