बर्बनचं पिंप की शेरीचं?

स्कॉटलंडची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात मुरावीच लागते. पण पिंप कुठलं?

बर्बनचं, म्हणजे मुख्यतः मक्यापासूनच्या अमेरिकी व्हिस्कीचं, साधारण 200 लिटरचं, आतून जाळून काळं केलेलं. अमेरिकेत बर्बनला कायद्यानेच कोरं पिंप लागतं, म्हणून वापरलेली स्वस्तात स्कॉटलंडला येतात. ग्लेनमोरांजी ओरिजिनल ही सिंगल माल्ट अशाच पिंपात मुरलेली: फिकट सोनेरी, व्हॅनिला-मधाच्या वासाची.

शेरीचं, म्हणजे स्पेनच्या कडक वाइनचं, मोठं, 500 लिटरच्या आसपास, आणि चांगलंच महाग. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची, रिकामी पिंपं आयती मिळायची. आता स्पेनमध्ये व्हिस्कीसाठी मुद्दाम शेरी भरून पिंपं तयार करून घेतात. शेरीच्या पिंपात मुरलेली ग्लेनफार्क्लास नाकाशी धरा: मनुका, सुकं अंजीर, थोडी दालचिनी.

स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या धुरकट वासाच्या माल्टला मात्र बर्बनचंच बरं. शेरीच्या गोडव्यात धूर दबतो, मग काय मजा!