महसीरच्या पिल्लांवर चार खुणा : वापरून पाहिल्यावर

कराडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या हौदात महसीर या नदीतल्या माशाची दोनशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आली. सरांचं म्हणणं एकच, ही नदीत सोडल्यावर उद्या जाळ्यात मासा आला तर तो आपला की नदीचा हे कळलं पाहिजे. हे नसते लाड नव्हेत. लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून वाढवलेला आपल्याकडचा महसीर कावेरीत नेऊन सोडला गेला. तिथला कुबड्या महसीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे, आणि त्याला मागे रेटणाऱ्यांत आपला हा पाहुणाही धरतात.

सुरुवात कात्रीने, कारण ती घरात होती. सामन माशाच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो, परदेशात तोच छाटतात. महसीर कार्पच्या कुळातला, त्याला तो परच नाही. मग पोटाखालचा एक पर कापला. मुळापासून कापला नाही तर तो पुन्हा फुटतो, आणि माझा हात भित्रा. तेवढा तुकडा अल्कोहोलमध्ये टाकला की डीएनएसाठी होतो, ही जमेची बाजू.

रंगाचं इंजेक्शन मला मनापासून आवडलं. सिलिकॉनचे दोन भाग मिसळायचे आणि बारीक सुईने पातळ कातडीखाली रेघ ओढायची. ती आत रबरासारखी घट्ट होते नि निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली चमकते. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२१ पासून डेल्टा स्मेल्ट या बोटाएवढ्या माशाला सोडण्याआधी अशाच खुणा करतात. पण मेमधलं कराड! पहिलं मिश्रण सुईतच गोठलं. दुसऱ्या दिवशी आईस्क्रीमवाल्याकडून बर्फ आणला, तेव्हा कुठे काम झालं. खवल्यांवर रेघ दिसत नाही, डोळ्यामागे किंवा पराच्या बुडाशी काढावी. आधी लवंगेच्या तेलाने गुंगी द्यावी. तेल थेट पाण्यात टाकलं तर वरच तरंगतं, अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

पिट टॅग म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखी १२ मिलिमीटरची काचेची कुपी. बॅटरी नाही, त्यामुळे संपायचा प्रश्न नाही. रीडर जवळ नेला की प्रत्येक माशाचा वेगळा नंबर. पाच-सहा सेंटिमीटरच्या पिल्लाला मात्र हा दाणा म्हणजे पोटात वरवंटा. शिवाय एका टॅगच्या पैशात दोन-तीन मिसळी होतात, रीडरचं बिल तर मी सरांच्याच टेबलावर ठेवलं.

हाडांत रंग धरणारं औषध पाजायची पद्धत मी करून पाहिली नाही. खूण बघायला बहुतेकदा मासा मारून कानातलं हाड काढावं लागतं. दुर्मीळ मासा वाचवायला निघालोय ना आपण?

शेवटी बंदुकीने मारायचा टॅग. कपड्याच्या दुकानात किमतीची चिठ्ठी लावतात, तसाच प्लॅस्टिकचा धागा. शेवाळ चढतं, जाळ्यात अडकतो, जखम चिघळते. मी त्याला शेवटचा नंबर देणार होते. पण प्रीतिसंगमाजवळ मासे धरणाऱ्या भोईमामांना रंगाची रेघ कौतुकाने दाखवली तर म्हणाले, “बाई, दिवस उगवायच्या आत जाळं काढायचं असतंय. बॅटरी मारत एकेक मासा कवा बघू? त्यो दोरा बरा, हाताला लागतोय.”

सध्या सगळ्या पिल्लांना रंग दिलाय. त्यातली वीतभर झालेली पन्नासेक मामांसाठी दोऱ्याची, धाग्यावर कॉलेजचा फोन नंबर छापलेला. तो उचलायला सुट्टीतही कुणीतरी बसवा, असं सरांना सांगून ठेवलंय.