लॅन कार्ड गेलंच नव्हतं! शहापुरातल्या घरपोच कॉम्प्युटर सर्व्हिसचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येतंय.

केबलवाल्याचं नेट सोडून फायबर घेतलं, नवा राऊटर बसला, घरातले सगळे मोबाईल मस्त चालू आणि माझा डेस्कटॉप तेवढा रुसलेला. लॅनची वायर लावली की मागं लाईट लुकलुकतो पण पेज काय उघडत नाही. एका दुकानात सीपीयू उचलून नेला तर नीट बघायच्या आधीच लॅन कार्ड, म्हणजे नेटची वायर लागते तो भाग, गेलंय म्हणून बाराशे सांगितले. परत आणला. मग शेजारच्यांनी ह्या पोराचा नंबर दिला.

अकराला येतो म्हणाला, आला दीडला, मी जेवायला बसलेलो. पण बसल्या बसल्या काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडली, नेटचे पत्ते दाखवणारं आयपीकॉन्फिग टाईप केलं आणि माझा मोबाईल मागितला. कॉम्प्युटरवर गेटवे, म्हणजे राऊटरचा पत्ता, १९२.१६८.१.१ आणि मोबाईलवर १९२.१६८.०.१. "काका, हे अजून जुन्या घराचा पत्ता घेऊन फिरूलंय की!" तेव्हा आठवलं, प्रिंटर शेअर करायला मागं कधीतरी आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता, फिक्स करून घेतलेला, नवा राऊटर वेगळ्या पत्त्यांचा, मग दोघांचं जमणार कसं.

मग त्यानं टाईप केलं, नेटश इंटरफेस आयपी सेट अ‍ॅड्रेस, पुढं कार्डाचं नाव, शेवटी डीएचसीपी (म्हणजे पत्ता राऊटरकडनं आपोआप घे), एवढीच ओळ. पहिल्यांदा एरर, खिडकी अ‍ॅडमिन म्हणून उघडायची राहिलेली. परत एरर, कार्डाचं नाव 'इथरनेट २', मधे स्पेस, म्हणून नाव डबल कोटमधे घालायला लागतंय. मग गेलं. नेट पोचतंय का बघायला गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग केलं, उत्तरं यायला लागली, मी खूश, पण ब्राउझर ढिम्म! तर म्हणे डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा पत्ता सांगणारा, वेगळा फिक्स केलेला असतो, पत्ता ऑटोमॅटिक केला म्हणून तो होत नाही. तीच ओळ परत, फक्त अ‍ॅड्रेसच्या जागी डीएनएस, आणि एंटर मारल्या मारल्या पेज उघडलं.

३०० रुपये घेतले. हेच सेटिंगमधे माऊसनं पण होतं असं त्यानं स्वतःच सांगितलं, हे मला आवडलं, उगाच जादू केल्याचा आव नाही. भाच्याच्या लिनक्स लॅपटॉपसाठी पण जाता जाता टीप दिली, आयपी अ‍ॅडर अ‍ॅड ह्या कमांडनं दिलेला पत्ता रीस्टार्ट केला की उडतो, कायमचा पाहिजे तर एनएमसीएलआय ह्या दुसऱ्या कमांडनं दे.

आता तो स्टार. प्रिंटर ह्याच कॉम्प्युटरला जोडलेला आणि बायकोचा लॅपटॉप त्याला जुन्या आयपीनंच शोधतो, ते बघायचं राहिलं की! आयपी कशाला फिक्स केलेला ते त्याला मी सांगितलेलं, तरी. दुसऱ्या दिवशी प्रिंट निघेना, फोन केला तर उद्या येतो म्हणाला. शेवटी लॅपटॉपवर आयपीच्या जागी कॉम्प्युटरचं नाव घालून मीच जोडला. त्याचा उद्या अजून उगवायचाय.