कॅलिफोर्नियातलं रिन्युएबल डिझेल: ट्रकवाल्याचा अनुभव

सॅक्रामेंटो ते फ्रेस्नो भाजीपाला वाहून नेणाऱ्या माझ्या जुन्या डिझेल ट्रकमध्ये आता मी रिन्युएबल डिझेलच भरतो, म्हणजे तेल-चरबीपासून केलेलं, पण साध्या डिझेलसारखंच चालणारं इंधन. इंजिनात काहीही बदल करावा लागला नाही. सकाळी गाडी सुरू करताना येणारा तो उग्र वास गेला, धूरही कमी झाला. सीटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचा आकडा, जास्त असल्यामुळे इंजिन सुरळीत चालतं. मायलेज मात्र किंचित घटतं, कारण गॅलनमागे ऊर्जा थोडी कमी असते. बायोडिझेल हे वेगळं इंधन, ते साध्या डिझेलमध्ये ठरावीक प्रमाणातच मिसळावं लागतं; रिन्युएबल डिझेल मात्र नुसतं वापरलं तरी चालतं.

हे इंधन इथे इतकं सहज मिळतं ते राज्याच्या 'लो कार्बन फ्युएल स्टँडर्ड'मुळे, म्हणजे कमी कार्बनच्या इंधनासाठीच्या नियमामुळे. 2011 पासून लागू असलेल्या या नियमात इंधनाचं मोजमाप उत्पादनापासून जळेपर्यंत होतं, दर मेगाज्यूल ऊर्जेमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (इतर तापवणारे वायूही त्यातच धरून) या हिशोबाने. मर्यादेखाली राहणाऱ्याला क्रेडिट मिळतं, वर जाणाऱ्याला ते विकत घ्यावं लागतं. ऑरेगन आणि वॉशिंग्टननेही हीच वाट धरली. मला ही पद्धत मनापासून पटते. माझ्यासारख्याला नवा इलेक्ट्रिक ट्रक परवडत नाही, तरी आजच्या आज फरक पडतो.

तक्रार एकच, पण मोठी. वापरलेलं खाद्यतेल किंवा चरबी यांपासून केलेलं डिझेल वेगळं आणि शेतातल्या सोयाबीनचं वेगळं, कारण त्याला शेतजमीन लागते. सोया आणि कॅनोला (मोहरीसारखं तेलबी) यांच्या तेलापासून केलेल्या डिझेलच्या क्रेडिटवर आता 20 टक्क्यांची मर्यादा आली, ते बरंच झालं. पण टाकीत नेमकं काय पडतंय हे मला पंपावर वाचायला मिळत नाही. ते लिहायलाच हवं. पाचपैकी चार तारे.