हेड गॅस्केटच्या नावाखाली 18,500 रुपये

आमची गाडी 2008 सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी घेतलेली. ते गेल्यापासून मी चालवते. रोज मानेवाड्यातल्या घरापासून शाळेपर्यंत तीन किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन सेवाग्रामला, तिच्या तपासणीसाठी. जुन्या गाडीवर माझा जीव आहे, म्हणूनच जे झालं ते सविस्तर लिहिते आहे. नागपुरात माझ्यासारख्या जुन्या गाड्या चालवणारे पुष्कळ आहेत, आणि उन्हाळा आला की अशा गॅरेजवाल्यांचा धंदा तेजीत येतो.

जानेवारीत एका सकाळी बॉनेट उघडलं तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याच्या, बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. भरलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच. गाडीखालच्या फरशीवर मात्र डाग नाही, ओल नाही. कूलंट जातंय कुठे, तेच कळेना. ओळखीतल्या एकाने रिंग रोडवरचं गॅरेज सुचवलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा पद्धतीचा आहे आणि ती पद्धत एकाच गॅरेजात चालते असं नाही.

मालकाने पाच मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, मग इंजिन ऑइलचं झाकण काढून माझ्यासमोर धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधावर येते तशी पिवळट साय. "हे पहा ताई, ऑइलमध्ये पाणी जाऊन रायलं. हेड गॅस्केट उडालं तुमचं. असंच चालवाल तर इंजिन बसून जाईन, मग पन्नास हजारांच्या खाली काम नाही." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे खालचा, आणि दोघांमधला सांधा बंद ठेवणारा चपटा पत्रा म्हणजे हेड गॅस्केट. त्याने ना टॉर्च मारला, ना कुठलं यंत्र लावलं. ती साय मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे शंका घ्यायला जागाच वाटली नाही.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. चिठ्ठीवर लिहिलेलं: हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) 4,500, गॅस्केट किट 3,200, ऑइल आणि फिल्टर 2,000, कूलंट 1,800, मजुरी 7,000. एकूण 18,500. दहा हजार मी आधीच यूपीआयने पाठवले होते. उरलेले कॅश द्या, म्हणजे जीएसटी लागणार नाही, असं तो म्हणाला आणि मी दिले. पक्कं बिल नाही, साध्या वहीचं फाडलेलं पान. जुनं गॅस्केट दाखवा म्हटल्यावर त्याने लगेच कोपऱ्यातून एक काळं, जळकं गॅस्केट आणून दाखवलं. मी त्याचा फोटो काढला. नशीब, की काढला.

त्यानंतर गाडी छान चालली. पातळी उतरेना. टेम्परेचरचा काटा पूर्वी निम्म्यावर येऊन थांबायचा, तो आता पावावरच राहायचा. मला वाटलं, इंजिन पूर्वीपेक्षा थंड चालतंय, म्हणजे काम उत्तम झालं. हा समज किती चुकीचा होता ते मे महिन्यात कळलं.

सेवाग्रामची तारीख होती. पारा 45 च्या पुढे, म्हणून आम्ही सकाळीच निघालो. जाताना काही झालं नाही. परतताना दुपारचे दोन वाजले. सेलू मागे टाकून केळझरच्या अलीकडे आलो आणि गाडीत गुळाच्या पाकासारखा गोडसर वास भरला. काटा तोवर खालीच होता, तो पाहता पाहता लाल रेघेला टेकला. मी गाडी कडेला घेऊन ताबडतोब बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. आई सत्तर वर्षांची, सकाळपासून उपाशीपोटी तपासण्या करून दमलेली. तिला एका बाभळीच्या विरळ सावलीत बसवलं आणि ओढणी ओली करून तिच्या डोक्यावर ठेवली. दीड तास आम्ही तिथे होतो. पैशाचं दुःख मी विसरेन, पण तो दीड तास विसरणार नाही.

एका पिकअपवाल्या दादाने टोचन लावून गाडी नागपूरपर्यंत आणली. या वेळी भावाने सक्करदऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. काकांनी त्या दिवशी बॉनेटला हातच लावला नाही. "रात्रभर थंड होऊ दे. गरम इंजिनावर थेंब पडला की वाळून जातो, काही दिसत नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं. सकाळी ये, तुझ्यासमोरच पाहू."

सकाळी त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर झाकणाऐवजी एक हातपंप बसवला. सायकलच्या पंपासारखाच, फक्त वर प्रेशरचा काटा. माझ्या रेडिएटरच्या झाकणावर 0.9 लिहिलेलं आहे, म्हणजे 0.9 बार. चालू गाडीत तेवढा दाब असतो, म्हणूनच साधं पाणीसुद्धा शंभराऐवजी जवळपास 118 अंशांपर्यंत उकळत नाही. काकांनी पंप मारून काटा 0.9 वर आणला आणि सोडून दिला. इंजिन बंद, थंडगार, आणि आतल्या पाण्यावर चालू गाडीइतका दाब. आम्ही दोघं काट्याकडे पाहत उभे. दोन मिनिटांत तो 0.7 च्या खाली सरकला. म्हणजे गळती नक्की, आणि या क्षणीही चालू.

मग टॉर्च. थेंब पडत होता इंजिनाच्या मधोमध, ऑइलच्या चेंबरखाली. मी म्हटलं, इथेच गळतंय. काका म्हणाले, "थेंब पडतो तिथे गळत नसतं बेटा. वर चढत जायचं." त्यांनी बोटाने ओल पुसत पुसत मागोवा घेतला: चेंबरची कड, तिथून बाजूला, मग वर फॅन बेल्टकडे. शेवटी इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप. पंपाच्या पोटाखाली काडी जाईल एवढं भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. त्या भोकाभोवती हिरवट पांढरा खडा साचला होता, आणि त्यातून एक थेंब फुगत फुगत बाहेर येऊन ओघळला. चार महिने मी जे शोधत होते ते तिथे होतं. फरशीवर कधीच डाग पडला नाही, कारण गरम इंजिनावर पाणी वाटेतच वाळत होतं आणि खडा तेवढा मागे राहत होता.

मी त्यांना आधीचं सगळं सांगितलं. हेड उघडलं होतं म्हटल्यावर काकांनी मला वाकून पाहायला लावलं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरून कित्येक वर्षांची तेलकट काजळी सलग, कुठेही न तुटता गेलेली. एक्झॉस्टच्या नटांवरचा गंज जसाच्या तसा, पान्याची एकही खूण नाही. ते नट सोडल्याशिवाय या इंजिनाचं हेड निघतच नाही. मग मी फोनमधला फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "मोठी भोकं मोज बरं. सिलिंडरमागे एक असतं."

तीन होती. माझी गाडी चार सिलिंडरची आहे.

मला तिथेच रडू आलं. राग पैशाचा होताच, पण आईला मी ज्या गाडीत बसवलं त्या गाडीचं हेड न उघडताच "आता बिनधास्त जा ताई" म्हणणाऱ्या माणसाचा जास्त होता.

मग पाणी मे महिन्यापर्यंत टिकलं कसं? काकांनी बाटलीत बोट फिरवून तपकिरी, भुसकट गाळ काढला. गळती बुजवायची पूड टाकलेली होती. ती भोकाशी साचून काही दिवस गळती दाबते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही चोंदवते. नवं कूलंट म्हणून जुन्यातच हिरवा रंग घातलेलं पाणी ओतलं होतं. आणि काटा खाली राहायचा, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढूनच टाकला होता. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि गाडीवाल्याला वाटतं गाडी थंड चालली.

ती सायसुद्धा खरी होती, पण गॅस्केटची नव्हती. थंडीत रोज तीन किलोमीटर गाडी चालवली तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली दमट हवा झाकणाला लागून पाणी होते आणि ऑइलमध्ये मिसळून साय धरते. ऑइलमध्ये खरंच कूलंट उतरलं असेल तर डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या सळईवरचं, ऑइलही दुधाच्या चहासारखं दिसतं. माझी डिपस्टिक तेव्हा कुणी काढून पाहिलीच नाही. गाडी इतकी तापल्यावर आता तरी गॅस्केट शाबूत आहे का, हेही काकांनी तपासलं. नव्या पंपानंतर इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरली. गॅस्केट फुटलेलं असेल तर जळलेला वायू पाण्यात येतो आणि निळं द्रावण पिवळं पडतं. दहा मिनिटांनंतरही ते निळंच होतं.

काकांचं बिल: पंप 1,650, थर्मोस्टॅट 700, बेल्ट 450, कूलंट 900, रेडिएटर धुण्यासह मजुरी 1,500. एकूण 5,200. जुना पंप त्यांनी न मागता पिशवीत घालून दिला.

तुमच्या गाडीचं पाणी कमी होत असेल आणि कुणी हेड उघडायचं म्हणत असेल, तर कृपा करून आधी एवढंच विचारा: प्रेशर लावून पाहिलं का, आणि माझ्यासमोर लावाल का. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्याला ते टाळायचं आहे त्याच्याकडून गाडी परत घ्या, कितीही घाबरवलं तरी. हेड खरंच उघडणार असतील तर उघडल्यावर फोन करायला सांगा आणि स्वतः जाऊन पाहा. प्रवासी बाजूच्या पायाखालचा गालिचा ओला आणि काच आतून चिकट धुरकट होत असेल तर हीटरची जाळी पाहायला सांगा, कूलंट तिथूनही गळतं. एसीचं पाणी मात्र रंगहीन, बिनवासाचं असतं, त्याला घाबरू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. ते गोड लागतं आणि गल्लीतली कुत्री-मांजरं चाटून मरतात.

भावाला घेऊन मी त्या गॅरेजात गेले. मालक आधी ओरडला, मग पोरांनी चुकून दुसरं गॅस्केट दाखवलं म्हणाला. काजळीचे फोटो पुढे ठेवल्यावर 8,000 परत केले. उरलेल्या 10,500 साठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि आपण कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही. अर्जासोबत यूपीआयची पावती, वहीचं ते फाडलेलं पान आणि तीन भोकांच्या गॅस्केटच्या फोटोची मोठी प्रत काढून ठेवली आहे.